भिंतीवरची रेल्वे

माझ्या फोनवर सध्या जो मराठी कथाप्रकार सगळ्यात जास्त येतो, तो म्हणजे जिल्हा परिषद शाळेची यशोगाथा. गावच्या ग्रुपवर येते, मामेभावंडांच्या ग्रुपवर येते, रील म्हणून येते, बातमीचं कात्रण म्हणून येते. तुमच्याकडेही येत असणार. तुम्हीही अंगठा दाखवून ती पुढे पाठवली असणार.

माझं चौथीपर्यंतचं शिक्षण साकोली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत झालं, त्यामुळे या गोष्टी मी जरा जास्तच लक्ष देऊन बघतो. शेकड्यांनी बघितल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आपण कथा-कादंबरीची समीक्षा करतो, सिनेमाची करतो, पण लाखो लोक रोज बघतात, ज्यावर डोळे पुसतात आणि जिच्यामुळे सरकारी शाळेबद्दलचं मत बनवतात, त्या या कथाप्रकाराची समीक्षा कोणी करत नाही. म्हणून हा लेख. यशोगाथेला साहित्य मानून वाचायचं, आणि ती काय सांगते आणि काय गाळते ते बघायचं.

प्रकाराची लक्षणं

आधी साचा बघू. सुरुवातीला गळकं छप्पर, फुटक्या फरशीचा वर्ग, ओस मैदान. मग एक गुरुजी बदली होऊन येतात. ते गावात घरोघरी फिरतात, वर्गणी गोळा करतात, स्वतःच्या पगारातले पैसे घालतात. मग रंग येतो, टीव्ही येतो, टॅबलेट येतात. मुलं कॅमेऱ्यासमोर इंग्रजीत स्वतःची ओळख करून देतात. शेवटी कळस: कॉन्व्हेंटमधली मुलं नाव काढून परत गावच्या शाळेत येतात. पार्श्वसंगीत चढतं. संपलं.

यातलं काहीच खोटं नाही, हे आधी मान्य करायला हवं. असे गुरुजी आणि अशा बाई खरंच आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, ते हवेतून मिळालं नाही. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेमुळे नाव झालेले दत्तात्रय वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. पटावर जेमतेम मुलं उरलेली ती शाळा उभी राहिली आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार घेऊन आली. आमच्या भंडारा जिल्ह्यात लाखनी तालुक्यातल्या खराशीच्या शाळेचं नाव असंच घेतलं जातं. या लोकांचं काम मोठं आहे. माझी तक्रार त्यांच्या कामाबद्दल नाही. त्या कामाची जी गोष्ट आपण बनवतो, त्या गोष्टीबद्दल आहे.

गोष्टीतली पहिली अडचण तिच्या व्याकरणात आहे. तिथं कर्ता नेहमी एकवचनी असतो. एक गुरुजी, एक बाई. शाळा हे कर्म. गाव हे क्रियाविशेषण. आणि मूल? मूल हा पुरावा. ते शेवटी येतं, पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं आणि जातं. त्याला काय कळलं, काय कळलं नाही, पहिल्या वर्षी कुठं अडकलं, हे यशोगाथेत कधीच नसतं.

दुसरी अडचण अशी, की एकवचनी कर्त्याची गोष्ट त्या कर्त्याच्या बदलीबरोबर बदलते. जालिंदरनगरची गोष्ट वाचताना मला आनंद होतो आणि लगेच प्रश्नही पडतो: चांगली शाळा जर एका माणसाच्या पिशवीतून एका गावाहून दुसऱ्या गावाला जात असेल, तर बाकीच्या हजारो गावांनी काय करायचं? वाट बघायची?

खरा डबा आणि रंगवलेला डबा

यशोगाथांमधलं एक दृश्य मला फार आवडतं. शाळेची बाहेरची भिंत रेल्वेच्या डब्यासारखी रंगवलेली असते. खिडक्या, दारं, चाकं, आणि खऱ्या दारातून हसत बाहेर डोकावणारी मुलं. विदर्भापासून कोकणापर्यंत अशा शाळा दिसतात.

हे चित्र बघितलं की मला ‘तोत्तोचान’ आठवतं. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठीत घरोघरी पोचलं. त्यातल्या तोमोए शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या, खऱ्या डब्यांमध्ये भरायचे. आपल्या भिंतींवरचे डबे कुठून आले मला माहीत नाही, पण डब्यातली शाळा म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात तोमोएच येते.

आता तोमोए कशामुळे तोमोए होती ते पुस्तकातच बघू. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी त्या मुलीसमोर बसतात आणि तिचं बोलणं चार तास ऐकतात. तिच्या वर्गात मुलं नऊ. अख्ख्या शाळेत पन्नासच्या आसपास. सकाळी कुठल्या विषयापासून सुरुवात करायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि कोण काय आधी उचलतं यावरून शिक्षकांना मुलं कळायची. डबा ही या सगळ्यावरची गंमत होती. डबा नसता तरी शाळा चालली असती.

भिंत रंगवायला आठवडा लागतो. एका मुलाचं चार तास ऐकायचं म्हटलं तर चार इयत्तांना एकटा शिकवणारा शिक्षक कुठून वेळ आणणार? म्हणून आपण पुस्तकातलं जे रंगवता येतं ते घेतलं.

असंच काहीसं ‘कुमठे बीट’चं झालं. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आणि तिथल्या शिक्षकांनी मिळून जे काम केलं, ते मुळात बहुवचनी होतं. एक शाळा नव्हे, आख्खं बीट. शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बघायचं, एकत्र बसायचं, कुठलं मूल कुठं अडलंय यावर बोलायचं. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यावर राज्यभरातले शिक्षक ते बघायला गेले. परत आल्यावर गावोगावच्या वर्गांच्या फरश्यांवर अंक आणि अक्षरं रंगली. फरशी डोळ्यांना दिसते, फोटोत येते. शिक्षकांनी एकत्र बसून केलेली चर्चा फोटोत येत नाही. जिथं चर्चाही गेली तिथं फरक पडला. जिथं नुसता रंग गेला तिथं एक-दोन पावसाळ्यांत तोही गेला.

‘दिवास्वप्न’मधला पहिला दिवस

मग चांगली शाळागोष्ट कशी असते? त्यासाठी फार लांब जायला नको. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ नव्वदेक वर्षांपूर्वीचं आहे आणि मराठीतही वाचायला मिळतं. डी.एड. केलेल्या कोणालाही विचारा, नाव तरी ऐकलेलं असतं.

गोष्ट साधी आहे. एक उत्साही माणूस शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, मला एक वर्ग द्या, प्रयोग करून बघतो. त्याला चौथीचा वर्ग मिळतो, एका वर्षासाठी. म्हणजे ही पण एका गुरुजींचीच गोष्ट. पण फरक बघा. तो पहिल्या दिवशी घरून सगळा आराखडा करून येतो. मुलांना शांततेचा खेळ शिकवायचा ठरवतो. मुलं गोंधळ घालतात. खेळ पार फसतो. त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो आणि मुख्याध्यापक नाराज होतात. रात्री तो विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला सुरुवात करतो. मुलं बसतात.

पहिल्याच दिवसाचं हे फसणं लेखकानं लपवलं नाही, म्हणून पुढचं यश आपल्याला पटतं. शिवाय ते वापरताही येतं. आज एखाद्या नव्या शिक्षिकेनं ते वाचलं तर तिला कळतं की आराखडा फसला म्हणजे आपण वाईट शिक्षक ठरत नाही, पद्धत बदलायची. आपल्या रीलमधल्या यशोगाथेतून तिला काय मिळतं? आपल्याकडे प्रोजेक्टर नाही, ही खंत.

यशोगाथा वाचण्याची माझी पहिली कसोटी यातून आली: यात काय फसलं ते सांगितलंय का? सांगितलं नसेल तर ती जाहिरात समजावी. जाहिरात वाईटच असते असं नाही. पण तिच्यातून शिकता येत नाही.

विशेषणांची रांग

यशोगाथेचं दुसरं रूप शासन निर्णयांत सापडतं. आपल्या शाळेच्या नावाआधी गेल्या दहा-पंधरा वर्षांत किती विशेषणं लागली ते मोजा. प्रगत शाळा, डिजिटल शाळा, आयएसओ शाळा, आदर्श शाळा, सेमी शाळा, पीएम श्री शाळा. २०२३-२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’. त्यात स्पर्धा, गुण, तालुक्यापासून राज्यापर्यंत लाखांची बक्षिसं.

विशेषण बदलतं तेव्हा आधीच्या विशेषणाचं काय झालं हे कोणी सांगत नाही. सगळ्या शाळा प्रगत झाल्या म्हणून सुंदर करायला घेतल्या का? की प्रगत करणं जमलं नाही म्हणून सुंदर केल्या? कादंबरीत एखादं पात्र तिसऱ्या प्रकरणात गायब झालं तर आपण लेखकाला जाब विचारतो. शासन निर्णयांत अख्ख्या योजना गायब होतात आणि वाचक विचारत नाही.

प्रत्येक विशेषणाबरोबर एक लिंक येते. माहिती भरा, फोटो जोडा, व्हिडिओ चढवा. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. पण शाळा सुंदर असल्याचा पुरावा गोळा करणं हे शैक्षणिक की अशैक्षणिक, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

ही कागदी बाजू मराठी साहित्यानं एकदा नीट पकडली आहे. रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी बुलडाण्याकडच्या प्रौढ साक्षरता अभियानावर आहे. राबायचं जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी, उद्दिष्ट वरून ठरलेलं, आणि अभियान कागदावर यशस्वी होत जातं. वाचताना हसून पुरेवाट होते. पुढे त्यावर सिनेमाही आला. यशोगाथा कशी तयार होते त्याचं कारखान्याच्या आतून केलेलं वर्णन म्हणून ती आजही वाचावी.

पण तिला उत्तर मानू नये. उपहास वाचून झाल्यावर मनात एक आरामशीर निराशा पसरते. ‘सरकारी काम असंच असतं.’ ज्याची मुलं इंग्रजी शाळेत आहेत त्याला ही निराशा परवडते. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईला परवडत नाही, कारण तिच्या मुलीसाठी दुसरी शाळाच नाही. यशोगाथा आणि उपहास हे दोन टोकांचे प्रकार वाटतात, पण एका बाबतीत दोन्ही सारखे आहेत. दोन्हींत शिक्षक आणि व्यवस्था आहे. वाचायला शिकणारं मूल दोन्हींत मागे राहतं.

वीसच्या आतली शाळा

आता भंडाऱ्याकडे येतो. सात तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२ लाख ३३४, साक्षरता ८३.७६ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच. मागास म्हणून कीव करावी असा हा जिल्हा नाही. पण इथली वस्ती विखुरलेली आहे. मामा तलाव, बोड्या, धानाच्या बांध्या, मध्ये जंगल, आणि त्यामध्ये छोटी गावं आणि टोल्या. अशा ठिकाणी शाळेचा पट वीसच्या आत असणं यात शाळेची काही चूक नसते. गावच तेवढं असतं.

राज्याच्या कागदावर मात्र ‘वीस’ हा मोठा आकडा आहे. २०१७ च्या अखेरीस दहाच्या आत पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करायचं ठरलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हाचे आकडे असे: राज्यात अशा १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक.

हे आकडे कसे वाचायचे? भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं आणि शिक्षकामागे सहा. वातानुकूलित खोलीत बसून बघितलं तर ही चैन वाटते. सहा मुलांना एक शिक्षक! पण त्याच आकड्याकडे वर्गातून बघा. बारा मुलं म्हणजे पहिलीत तीन, दुसरीत दोन, तिसरीत चार, चौथीत तीन. दोन शिक्षक आणि चार इयत्ता. एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की उरला एक. पाच तासांच्या दिवसात एका इयत्तेच्या वाट्याला सव्वा तास, त्यात पोषण आहार बघायचा, त्यात लिंक भरायची. सहा मुलांमागे एक शिक्षक हे कागदावर खरं आहे आणि वर्गात जवळजवळ कधीच खरं नसतं.

त्यात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानं छोट्या शाळांमधलं दुसऱ्या शिक्षकाचं पदच अडचणीत आणलं. सप्टेंबरमध्ये राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले ते यासाठी.

समूह शाळेच्या बाजूनं जो मुद्दा मांडला जातो, तो मला खोटा वाटत नाही. पाच मुलांच्या वर्गात कबड्डीचा संघ होत नाही. एकमेकांकडून शिकायला सोबती लागतात. मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक मिळतो. हे सगळं बरोबर. पण भंडाऱ्याच्या नकाशावर एक रेघ ओढून बघा. कोका अभयारण्य या जिल्ह्यात, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग या जिल्ह्यात, पवनीकडे उमरेड-करांडल्याचं जंगल. ज्या वाटेवरून सात वर्षांच्या मुलीनं दूरच्या शाळेत जावं असं कागद म्हणतो, त्या वाटेवर वाघाचे पाय उमटतात. रोवणीच्या दिवसांत नाले भरून वाहतात आणि घरातली मोठी माणसं पहाटेपासून बांधीत असतात. मुलीला सोडायला कोण जाणार? गाडी देऊ, असं उत्तर येतं. गाडी आली नाही त्या दिवशी काय, याचं उत्तर येत नाही. आणि गाडी आली नाही तर आधी कोणाची शाळा सुटते, मुलाची की मुलीची, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आपण तोत्तोचानच्या नऊ मुलांच्या वर्गावर जीव टाकतो आणि आपल्याच जिल्ह्यातल्या नऊ मुलांच्या शाळेला ‘कमी पटाची’ म्हणतो. छोटी शाळा चांगलीच असते असं मी म्हणत नाही. छोट्या शाळेत शिकवण्याची वेगळी पद्धत असते, तिला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, आणि ती जमायला वेगळं साहित्य आणि वेगळी तयारी लागते. ती देण्याऐवजी आपण शाळेवरच प्रश्नचिन्ह लावतो.

धान आणि भात

आता त्या मुलाकडे येतो, जे सगळ्या गोष्टींत मागे राहिलं.

‘असर’ अहवालात मुलांचं वाचन तपासतात ते घरी जाऊन, एकेका मुलासमोर कागद ठेवून. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतली तिसरीतली २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत होती. २०२२ मध्ये हा आकडा १६.३ होता. सुधारणा आहे, आणि तरीही दर चार मुलांतली तीन मुलं मागे आहेत. शाळेतलं यश म्हणजे काय, याचं सगळ्यात साधं उत्तर मला हेच वाटतं: तिसरी संपेपर्यंत मुलानं एक छोटी गोष्ट वाचावी आणि आपल्या शब्दांत सांगावी. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’चंही उद्दिष्ट साधारण हेच आहे.

‘आपल्या शब्दांत’ हे दोन शब्द भंडाऱ्यात अवघड होतात.

आमच्याकडे घरात झाडीबोली बोलतात. तिच्यात ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, ‘श’ नाही. पाणी हे पानी, शेत हे सेत, काळा हा कारा, डोळा हा डोरा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालून या बोलीचा अभ्यास केला, तिची चळवळ उभी केली. तुमसर-मोहाडीकडे घरोघरी पोवारी आहे. जंगलाच्या पट्ट्यात गोंडी आहे, आणि ती तर मराठीच्या कुळातलीही नाही. पहिलीतलं मूल हे सगळं घेऊन शाळेत येतं.

साधं उदाहरण देतो. हा धानाचा जिल्हा आहे. आमच्याकडे शेतात असतं ते धान, पोत्यात असतात ते तांदूळ आणि ताटात असतो तो भात. पुस्तकी मराठीत मात्र भात शेतातही असतो. भाताची लावणी, भाताची खाचरं. आमच्या मुलाला वाटतं, शिजलेला भात शेतात कोण लावतं? जो विषय त्याला वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त कळतो, ज्याची पऱ्हे त्यानं स्वतः उचलून दिली आहेत, त्याच विषयात ते अडाणी ठरतं. खाचर म्हणजे बांधी, एवढं एक वाक्य कोणी सांगितलं तर काम होतं. पण ते सांगणाऱ्या शिक्षकाला ‘बांधी’ शब्द माहीत असावा लागतो, आणि तो वर्गात म्हणणं कमीपणाचं वाटू नये लागतं.

आमच्या वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्याला उभं करून दहा वेळा ‘पाणी’ म्हणायला लावत. त्या दहा वेळांत आम्ही ‘ण’ शिकलो की नाही आठवत नाही. गप्प बसायला नक्की शिकलो. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही, कारण उत्तर बरोबर असलं तरी उच्चार चुकेल.

वाचनाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते बघा. कागदावर ‘डोळा’ लिहिलंय आणि मूल ‘डोरा’ वाचतं. हे मूल चुकलं का? त्यानं अक्षरं ओळखली, शब्द बनवला, अर्थ लावला आणि तो आपल्या भाषेत म्हटला. म्हणजे ते वाचलं, आणि वर भाषांतरही केलं. याउलट जे मूल ‘डोळा’ असा शुद्ध उच्चार करतं पण गोष्टीत कोणाच्या डोळ्याला काय झालं ते सांगू शकत नाही, ते अजून वाचायला शिकलेलं नाही. आपल्या शाळांत पहिल्याला टोकतात आणि दुसऱ्याला शाबासकी देतात. यशोगाथेच्या व्हिडिओतही नेमकं दुसरंच मूल असतं, फरक एवढाच की ते इंग्रजीत बोलतं.

प्रमाण मराठी शिकवू नका, असं मला म्हणायचं नाही. दहावीचा पेपर, स्पर्धा परीक्षा, नोकरीचा अर्ज, हे सगळं प्रमाण भाषेत आहे, आणि ती आली नाही तर आमचीच मुलं मागे राहणार. हा लेखही मी त्याच भाषेत लिहितोय. पण तिच्याकडे जायची वाट घरातून निघाली पाहिजे. पहिल्या दोन वर्षांत मुलानं बोलीत सांगितलेली गोष्ट शिक्षकानं फळ्यावर लिहिली, ती वर्गानं वाचली, मग तिच्याशेजारी पुस्तकातलं रूप लिहिलं, असं केलं तर कुठलंही टॅबलेट लागत नाही. लागतो तो बोली समजणारा शिक्षक, आणि छोट्या गोष्टींच्या काही पातळ पुस्तिका. जिल्ह्याच्या डायटनं आणि झाडीबोलीत लिहिणाऱ्यांनी मनावर घेतलं तर त्या करता येतील. लिहिणारे आमच्याकडे कमी नाहीत. दंडार आणि नाटकांचा हा प्रदेश आहे.

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात राज्य पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर पेटलं होतं. शासन निर्णय निघाले, बदलले, २९ जूनला मागे घेतले गेले. मराठीच्या बाजूनं सगळे उभे राहिले ते बरंच झालं. पण त्या सगळ्या चर्चेत पहिलीतल्या मुलाची मराठी कोणती, हा प्रश्न मला फारसा ऐकू आला नाही.

कोणी न वाचलेलं पुस्तक

मग शाळासुधारणेचं कुठलं लेखन वाचावं? एक नाव सुचवतो. ते दुकानात मिळत नाही, त्याच्यावर परीक्षण येत नाही, आणि तुमच्या गावात त्याची प्रत असायला हवी. त्याचं नाव ‘शाळा विकास आराखडा’.

शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणं सक्तीचं केलं. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण निम्म्या स्त्रिया. आराखडा तयार करणं हे या समितीचं काम आहे. बहुतेक ठिकाणी तो कोणीतरी भरतो, कोणीतरी सही करतं, आणि तो कपाटात जातो. बांधीतून थेट बैठकीला आलेल्या आईला तो वाचून दाखवला जातो का? तिला विचारलं जातं का, की तुझी पोरगी घरी गोष्ट वाचून दाखवते का?

समीक्षकाचं काम पुस्तकापुढे प्रश्न ठेवणं असतं. मी या पुस्तकापुढे चार ठेवतो. तिसरीतली किती मुलं छोटी गोष्ट वाचून आपल्या शब्दांत सांगतात, आणि जी सांगत नाहीत ती नेमकी कुठं अडली आहेत? मुलं घरी कोणती भाषा बोलतात आणि ती वर्गात कुठं येते? गेल्या महिन्यात दोन्ही शिक्षक एकाच वेळी वर्गात किती दिवस होते? गेल्या वर्षी ठरवलेलं काय जमलं नाही?

या चारांपैकी एकाचंही उत्तर द्यायला प्रोजेक्टर लागत नाही आणि भिंत रंगवावी लागत नाही. तुम्ही गावाबाहेर शिकत असाल, नागपूर-पुण्यात असाल, तर पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर शाळेत जा आणि आराखडा बघायला मागा. तो कसा लिहिलाय ते वाचा. मुलांची अडचण लिहिली असेल तर त्या शिक्षकांना जाऊन सांगा की आम्ही वाचलं. तो मागच्या वर्षीचाच उतरवलेला असेल, तर समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारून घ्या आणि आपल्या घरातली जी आई, वहिनी, काकू समितीवर आहे, तिच्याबरोबर बसून ते चार प्रश्न लिहून काढा. झाडीत लिहिले तरी चालतील.